डाव्या हाताची गाडी

खिल्लारे सर गाडीत बसले की किल्ली अर्धीच फिरवत आणि डाव्या हाताचं बोट वर करत. बोट वर गेलं की गाडीतल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. अर्धं वाक्य तोंडात असेल तर ते तिथंच गिळायचं. मग पुढून कुठून तरी बारीक ‘टक्’ असा आवाज येई आणि पाठोपाठ मागून, टाकीकडून, ‘घुर्र’. तो ऐकला की सरांचा चेहरा सैल पडे, बोट खाली येई आणि ते म्हणत, “बोलली. चला आता.” मगच किल्ली पूर्ण फिरायची. मला गप्प बसवणारं उभ्या परभणीतलं हे एकमेव बोट. आमच्या ह्यांनी तर एकदा सरांना हात जोडून विचारलं होतं, की सर, हे बोट कुठं विकत मिळतं ते तरी सांगा.

ही सवय सरांना जन्मापासून नव्हती. ती लागली एका उन्हाळ्यात, आणि कशी लागली ते सांगायचं तर सरांच्या आईला सोडून सांगता येत नाही. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली, माय तर त्यांच्याही आधी गेली. त्या गाडीत बसलेली आता मीच काय ती शिल्लक. त्यामुळे माझ्या सांगण्याला कोणी खोटं म्हणू शकत नाही, हा एक फायदा.

आम्ही दोघं परभणीत एकाच शाळेत शिकवत होतो. सर भूगोल शिकवायचे, मी हिंदी. उंच, काटकुळे, काळेसावळे, आणि कपड्यांना इस्त्री अशी की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. वैशाखातसुद्धा पांढऱ्या शर्टाची बाही कडक. मी एकदा चिडवलं, “सर, तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा शर्ट मोडत नाही का हो?” ते हसून म्हणाले, “बाई, मी वर्गात शिरायच्या आधी माझी इस्त्री शिरली पाहिजे. तुमचं काय, तुम्ही देशमुख. तुम्ही चुरगळलेल्या साडीत आलात तरी देशमुखच.” हे ते असं सहज म्हणाले की मी हसले, आणि घरी गेल्यावर मला ते पुन्हा आठवलं. सरांची बरीच वाक्यं अशी घरी गेल्यावर आठवायची.

आडनावावरून त्यांची चेष्टा व्हायची. त्यावर त्यांचं उत्तर तयार असे. “आडनाव खिल्लारे, अन् गोठ्यात बैल एक न्हाई. म्हणून तर गाडी घेतली.”

ती गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. कालव्याच्या कामावर कोणी गोरा इंजिनिअर आला होता. तो परत गेला, गाडी इथंच राहिली, काही वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली आणि शेवटी लिलावात निघाली. हिरवट रंगाची, लांबोडकी, परदेशी बनावटीची. तिचं स्टीअरिंग डाव्या बाजूला. कायद्यानं मागं तसा बोर्ड लावावा लागे. सरांनी तो स्वतःच्या अक्षरात मराठीतून रंगवला : ‘डाव्या हाताची गाडी’. सर डावीकडे बसून चालवायचे आणि उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे जिथं ड्रायव्हर बसतो तिथं, त्यांची आई बसायची. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर. समोरून येणाऱ्याला वाटायचं, एक म्हातारी हात न लावता मोटार हाकते आहे. वसमत रोडला एक सायकलवाला हे बघता बघता उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन आदळला होता. मायला ह्याचं भारी कौतुक. ती मुद्दाम समोर बघत बसायची, मान न हलवता.

माझं माहेर पोखर्णी. सरांचं गाव त्याच्या पुढं, आडवळणाला. गावाचं नाव मी घेत नाही. तिथली माणसं आता चांगली वागतात, उगीच कशाला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मराठवाड्यात गावोगाव पेटलं, तेव्हा ह्या गावातल्या वस्तीतही आग लागली. ती कोणी लावली हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. सरांची माय, सोनाबाई, तेव्हा तिथं एकटीच राहत होती. घर गेलं. सर तिला न्यायला आले तेव्हा ती अंगावरच्या लुगड्यानिशी वेशीतून बाहेर पडली. वेशीला लागून मारुती आणि पिंपळाचा पार, आणि पारावर नेहमीची मंडळी बसलेली. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आज पायी चाल्ले. आता ह्या येशीतून यीन तर पोराच्या मोटारीत बसून यीन. न्हाई तर येनार न्हाई.”

पारावरचे हसले. मास्तरची मोटार म्हणजे तेव्हा हसण्यासारखीच गोष्ट होती. माय मात्र ते बोलून बसली, आणि पुढे काही वर्षं खरंच गेली नाही. तिची धाकटी बहीण गावातच होती. तिच्या घरची बारशी झाली, मरणं झाली, माय परभणीतच. सरांनी गाडी घेतली ती ह्या एका वाक्यासाठी. शाळेत लोक म्हणत, मास्तरला ऐट आली. सर कोणाला काही सांगत बसले नाहीत. मला सांगितलं तेही खडूचे हात झटकता झटकता, “मायचं वय झालं, बाई. तिचा शब्द तिच्याआधी जाऊ नये.”

पहिल्यांदा ते गेले मायच्या बहिणीच्या नातीच्या लग्नाला. मे महिना, दुपारची अक्षता. गाडी परभणीतून पोखर्णीपर्यंत लोण्यासारखी गेली, तिथून पुढं गावापर्यंत गेली, आणि बरोबर वेशीत, पारासमोर, दोन आचके देऊन बंद पडली. किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं घरघरे, धरेना. पारावरच्यांनी आधी कोण आहे ते बघितलं आणि मग बसल्या जागी मांड्या सावरून घेतल्या. त्यांतले गणपतराव म्हणून एक होते, गावात त्यांना सगळे आबा म्हणत. ते ओरडले, “काय गं सोनाबाई, मोटारबी आडली का?” चार पोरं ढकलायला पुढं झाली. मायनं त्यांना हातानं थांबवलं. “ढकलून न्यायची, अन् मोटारीत बसून आले म्हनायचं? मला न्हाई पटत.” ती खालीही उतरेना. उतरून चालत जायचं तर शब्द मोडला असता. आत बँड वाजत होता, अक्षता पडल्या, आणि माय वेशीत तापलेल्या पत्र्याखाली बसून राहिली. कोणीतरी बॉनेटवर घागरभर पाणी ओतलं. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली. “माघारी फिरीव,” माय म्हणाली.

परभणीत रशीदभाई मिस्त्री म्हणजे शेवटचा शब्द. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा ते बराच वेळ आत डोकं घालून उभे होते, मग वर बघून म्हणाले, “सर, इसमें पंपच नईं. चलती कैसी ये?” आपल्याकडच्या गाड्यांना पेट्रोलचा पंप इंजिनला जोडलेला असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो. ह्या गाडीचा पंप मागं टाकीजवळ, तो चालायचा विजेवर. तो सापडल्यावर रशीदभाईंनी निकाल दिला. “पेट्रोल की भाप हो रई सर, भाप. ये परभनी का ऊन हाय, विलायत का नईं.” पंपावर आणि नळीवर ओलं गोणपाट गुंडाळायचं, सोबत पाण्याची घागर ठेवायची, आणि गाडी थांबली की शिंपायचं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. वेशीत पाणी ओतल्यावर गाडी सुरू झाली होती, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं की!

ओलं गोणपाट बांधून दुसऱ्यांदा गेले. गाडी त्याच वेशीत, पहिल्या जागेपासून हातभर पुढे थांबली. आता गावात निराळंच सुरू झालं. वेशीतला मारुतीच सोनाबाईची गाडी आडवतो, असं बोलायला लागले. ते परभणीपर्यंत आलं. सर हसण्यावारी न्यायला बघत होते, पण माय ताटावरून उठली. “मारुतीला काय माझं वाकडं हाय? जलमभर त्याच्या म्होरचं आंगन झाडलं म्या. भायेरून.” त्या ‘भायेरून’वर ती इतका वेळ थांबली की वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पुन्हा ताट वाढलं तरी तिला कळलं नाही. त्या दिवसापासून ती खंगत गेली. वेशीत अडलेली म्हातारी म्हणून लोक आपलं नाव घेणार, हेच तिनं मनाला लावून घेतलं. “यसवंता, तुजी मोटार इकून टाक. माजा शब्द म्या मागं घेते,” असं ती म्हणाली तेव्हा सर अंगणात जाऊन गाडीजवळ नुसते उभे राहिले. मी ते बघितलेलं आहे. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाला इतकं हरलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मला पोखर्णीला जायचं होतं. सर म्हणाले, चला, दुपारीच जाऊ, उन्हात परीक्षा होईल. माय आणि वहिनीही निघाल्या. पोखर्णी दिसायला लागलं, नरसिंहाचं शिखर दिसलं, आणि गाडीनं ठरल्यासारखे दोन आचके दिले. आजूबाजूला नांगरून पडलेली रानं. झाड म्हणावं तर एक बाभूळ. सरांनी गोणपाट सोडलं, घागर उचलली, तर निम्मं पाणी वाटेतच हिंदकळून सांडलेलं. मायनं हात पुढे केला. “आन इकडं.” सर म्हणाले, “माय, गाडीवर वतायचंय ते.” ती म्हणाली, “गाडीवर वततूस अन् माय तशीच? मी जिती हाय अजून.” घागर तोंडाला लावून ती घटाघटा प्याली. उरलेलं वहिनींना दिलं, वहिनींनी मला. घागर पालथी झाली.

आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. मी नेहमीप्रमाणे बोलत होते, मुख्याध्यापकांपासून सुरुवात करून बऱ्याच जणांचा समाचार घेऊन झाला. बऱ्याच वेळानं सर उठले आणि काही करायचं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आम्ही सगळे उठून गाडीजवळ गेलो. बोलली ती माय. “पानी तर माज्या पोटात हाय. मोटार कशी काय गार झाली?”

सर तिच्याकडे बघायला लागले, जणू ती त्यांना नव्यानं भेटली आहे. इतके दिवस पाणी ओतलं की गाडी सुरू व्हायची खरी. पण पाणी शोधून, आणून, ओतून होईतो अर्धा तास जायचा, हे कोणी धरलंच नव्हतं. म्हणजे गुण पाण्याचा नव्हताच, थांबण्याचा होता. “अहो बाई,” सर म्हणाले, “आपण पेट्रोलच्याच मागं लागलो. पेट्रोल आणतंय कोण ते ऐकलंच न्हाई.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच त्यांनी गाडी उन्हात चालू करून ठेवली आणि ती बंद पडण्याची वाट बघत बसले. पडली. वहिनींना किल्ली अर्धी फिरवायला सांगून सर मागं टाकीखाली रस्त्यावर पालथे झोपले आणि कान लावला. कडक इस्त्रीचा शर्ट, खाली डांबर. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एकीनं मला हळूच विचारलं, “सरांना काय व्हायलंय हो बाई?” आतून कसलाच आवाज नव्हता. रशीदभाई आले, त्यांनी बॅटरीपासून एक वायर थेट पंपाला लावली आणि लगेच घुर्र झालं. म्हणजे पंप ठणठणीत होता, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नव्हता. मग वायरीचा माग काढत दोघं पुढं आले, आणि डॅशबोर्डच्या पोटात, बोटाला चटका बसेल अशी तापलेली एक काड्यापेटीएवढी पत्र्याची डबी सापडली. रिले. किल्ली फिरली की आतली पट्टी टक् करून चिकटते आणि पंपाला करंट सोडते, एवढंच तिचं काम. सरांनी तिच्यावर ओलं फडकं धरलं. थोड्या वेळानं, टक्. आणि मागून घुर्र. रशीदभाईंनी डबी उघडून भिंगातून बघितलं. वायर डाग देऊन झाळलेल्या जागी केसासारखी चीर होती. डबी गार असली की चीर मिटायची, तापली की उघडायची. “या अल्ला,” रशीदभाई म्हणाले, “मैं भाप भाप करता बैठा.” माय ओट्यावरून म्हणाली, “ऱ्हाऊ दे रे रशीदा. भाप तर आमी समद्यांनीच खाल्ली.”

तसला रिले परभणीत कुठून मिळणार? रशीदभाईंनी एका ट्रकचा लावून बघितला, तो त्या गाडीच्या करंटवर हलेचना. शेवटी जुन्या जीपच्या हॉर्नचा रिले मिळाला. त्याचा आकार वेगळा, जागेत बसेना, म्हणून वायरी लांबवून तो बाहेर, पायाजवळ, वारा लागेल असा स्क्रूनं आवळला. मग आठवडाभर सरांनी भर दुपारी गाडी गावाबाहेर नेली आणि आणली. दर वेळी किल्ली अर्धी, बोट वर. सवय लागली ती तिथून.

जुना रिले त्यांनी टाकला नाही. तो शर्टाच्या खिशात असायचा आणि वर्गातही निघायचा. नापास झालेला पोरगा नशिबाला बोल लावायला लागला की सर म्हणत, “आधी करंट बघायचा, मग पेट्रोल, अन् नशीब सगळ्यात शेवटी.” एकदा शिक्षकांच्या खोलीत मी तो हातात घेऊन बघत होते. सर कपबशीकडे बघत म्हणाले, “गार असला की एकदम शहाणा असतोय बरं का हा. ऊन चढलं की कनेक्शन सोडतोय. अठ्ठ्याहत्तरला माझे बरेच दोस्त असेच निघाले. अजून येतात, चहा पितात. थंडीत लय चांगली माणसं.” मला राहवेना, मी विचारलं, “आणि मी हो?” सर म्हणाले, “तुम्ही हॉर्न. उन्हात वाजता, गारव्यात वाजता. म्हणून तर हॉर्नचाच रिले बसवला.” सगळी खोली हसली. मी रागावल्याचं दाखवलं, पण ते वाक्य मी घरी जाऊन ह्यांना दोनदा सांगितलं.

तिसऱ्यांदा मी हट्टानं सोबत गेले. रविवार होता, लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, काहीच नव्हतं. माय म्हणाली होती, “कारन कशाला पाहिजे? माजं गाव हाय.” पांढरं धुवट लुगडं, पायांत नव्या चपला. पोखर्णी मागं पडली. वळण घेतलं, वेस दिसली, पार दिसला, आणि पारावरची मंडळी गाडी ओळखून सरसावून बसलेलीही दिसली. गाडी वेशीत शिरली. थांबली नाही. सरांच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता.

“थांबीव,” माय म्हणाली.

“माय, आता नको गं. तापलीय. निघू दे पुढं.”

“थांबीव म्हनले ना. अन् बंद कर.”

सरांनी गाडी पारासमोर उभी केली आणि बंद केली. तापलेली गाडी त्या ठिकाणी बंद करणं म्हणजे काय, हे आम्हा चौघांनाच कळत होतं. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. पोरं धावत आली, “म्हातारी मोटार चालवायलीय, म्हातारी!” आबा पारावरून म्हणाले, “का सोनाबाई? पुन्हा आडली?”

मायनं काच खाली केली. “आडली न्हाई आबा. म्या थांबिवली.” आणि मग तिनं सावकाश चौकशी सुरू केली. सुना बऱ्या आहेत का, गुडघा कसा आहे, थोरल्या नातीला कुठं दिली. आबा एकेक उत्तर देऊ लागले. तिनं प्रत्येकाला नावानं विचारलं, कोणाला सोडलं नाही. तिला सगळ्यांची नावं पाठ होती. सगळं विचारून झाल्यावर तिनं पदर सारखा केला. “बरं. चल रे यसवंता.”

सरांनी किल्ली अर्धी फिरवली आणि बोट वर केलं. गंमत म्हणजे पारावरचेही गप्प झाले. मारुतीसमोर एवढी शांतता मी पुढे कधी ऐकली नाही. टक्. घुर्र. “बोलली,” सर म्हणाले आणि त्यांनी किल्ली पूर्ण फिरवली. गाडी सुरू झाली आणि आम्ही गावातून सरळ वस्तीत गेलो. मायची बहीण चूल टाकून धावत आली. दोघी म्हाताऱ्या गाडीच्या दारातच गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. का रडले ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी माय गेली, झोपेतच. तिच्यानंतर सरांनी एक वेडेपणा केला. सगळे शिक्षक खेड्यातून परभणीला बदली मागतात. सरांनी परभणीतून स्वतःच्या गावी मागून घेतली. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, ज्यांनी हसून घेतलं त्यांच्याच पोरांना शिकवायला चाललात? सर म्हणाले, “पोरं कुठं हसली होती, बाई? त्यांचे आजे हसले होते. अन् पोरांना नकाशा वाचता येत न्हाई.” वहिनींसह सामान भरून गाडी निघाली तेव्हा उजवीकडची जागा रिकामी होती. तिथं त्यांनी पृथ्वीचा गोल ठेवला होता.

मग चौऱ्याण्णव आलं. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, आणि आनंदाबरोबर भीतीही वाटली, कारण पहिल्या वेळचं आम्ही बघितलेलं होतं. सर त्या गावात. निरोप यायचा, बरं चाललंय. पण सर निरोपात असंच सांगणार, हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोखर्णीला गेले तेव्हा भावाला न विचारता सकाळच्या एसटीनं पुढं निघाले. फाट्यावर उतरून उन्हात चालत वेशीजवळ आले. पारासमोर ती हिरवट गाडी बंद पडलेली, बॉनेट उघडं, आणि भोवती हा एवढा घोळका.

मी जवळजवळ पळतच पोचले. सर पाराच्या कडेला बसले होते. शर्ट तसाच कडक, केस पांढरे. आणि गावातली मंडळी धावत होती. कोणी बादली आणली, कोणी कळशी. “मागं वता, मागं! पंप मागं असतोय हिचा!” असं एक जण दुसऱ्याला शिकवत होता. आबा, आता पार वाकलेले, काठी टेकत स्वतःच्या घरातून तांब्या भरून घेऊन येत होते, त्यांच्यामागं त्यांचा नातू घागर घेऊन. बॉनेटवरून पाणी वाहत होतं, पत्र्यातून वाफ निघत होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याला थोडं थोडं वत असं सांगत होता.

मी सरांजवळ वाकले. “सर, रिलेच ना?”

“रिलेच,” ते हळूच म्हणाले. “हॉर्नचा बिचारा म्हातारा झाला. अर्ध्या तासात आपोआप होईल चालू.”

“मग सांगत का नाही त्यांना? पाण्याचा काय उपयोग?”

सर गाडीकडे बघत होते. डोळे भरलेले होते आणि ते लपवत नव्हते. “गाडीला न्हाई लागत पाणी, बाई,” ते म्हणाले. “आणू द्या त्यांना.”

आबा आमच्यासमोर येऊन उभे राहिले. हातातल्या तांब्याकडे, मग गाडीकडे, मग सरांकडे त्यांनी बघितलं. “तिला लय झालं आता,” ते म्हणाले. “मास्तर, तुमी प्या. ऊन लय हाय.” आणि तांब्या त्यांनी सरांच्या हातात दिला. वरून ओंजळीत ओतला नाही, हातात दिला. सरांनी तो तोंडाला लावला, मायनं घागर लावली होती तसा, आणि घटाघटा प्याले. मी एक शब्द बोलले नाही. त्या दिवशी बोट वर करायची गरज पडली नाही.

थोड्या वेळानं सरांनी किल्ली फिरवली. टक् झालं, घुर्र झालं, गाडी सुरू झाली, आणि पारावरचे सगळे ओरडले, “बघा! पाण्यानं झालं!” सर खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, “होय हो, पाण्यानंच.”